पायरी, रॅम्प आणि दाखला

(दार्सैत, मस्कत येथे मराठी कुटुंबांच्या एका घरगुती मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. शेवटची जोड स्मरणिकेसाठी लिहिली आहे.)



आरोग्यावर दोन शब्द बोला, असे मला सांगण्यात आले. मी डॉक्टर नाही. जनरल नर्सिंगचा डिप्लोमा घेतला आणि सारी उमर वॉर्डात काढली. रक्तदाब आणि मधुमेह यांवर आपण पुष्कळ ऐकलेले आहे. म्हणून आज मी इमारतींविषयी बोलणार आहे. नर्सबाईंचा इमारतीशी काय संबंध, असे कोणाच्या मनात येईल, तर तो आधी सांगते.

रुग्ण बरा होऊन घरी जातो तेव्हा आम्ही त्याच्या हातात डिस्चार्ज कार्ड देतो. त्यावर गोळ्या लिहिलेल्या असतात, पथ्य लिहिलेले असते, पुन्हा केव्हा यायचे ते लिहिलेले असते. पण त्याच्या घराला किती पायऱ्या आहेत, संडासाचे दार किती रुंद आहे, उंबरठा किती उंच आहे, हे कार्डावर कुठेच नसते. आणि तो पुढे हिंडता फिरता राहणार की खाटेला खिळणार, हे पुष्कळ वेळा त्यावरच ठरते. खुब्याचे हाड मोडलेली बाई शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात वॉकर घेऊन छान चालते. घरी गेल्यावर तीच बाई सहा महिने खोलीबाहेर पडत नाही. पाय बरा झालेला असतो, पण जिना तसाच असतो.

अर्धांगवायूच्या रुग्णाचे उदाहरण घ्या. त्याची उजवी बाजू लुळी आहे, डावा हात चांगला आहे. जिन्याला एकाच बाजूला कठडा असेल आणि तो चढताना डाव्या हाताला येत असेल, तर हा गृहस्थ वर जाईल. पण उतरताना तोच कठडा उजव्या हाताला येतो आणि त्या हातात बळ नाही. म्हणजे माणूस वर गेला तो वरच अडकला. यासाठी कठडा दोन्ही बाजूंना लागतो. हे कळायला इंजिनियर व्हावे लागत नाही. असा माणूस एकदा जिन्यावरून आणावा लागला की आपोआप कळते.

दुसरी गोष्ट थोडी संकोचाची आहे, पण मी नर्स आहे, म्हणून बोलते. लग्नाला, मुंजीला, प्रार्थनेला जायचे असले की आपल्यापैकी कितीतरी बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. का, तर तिथले संडास बसके असतात, नाहीतर दोन पायऱ्या चढून असतात, नाहीतर आत धरायला काही नसते. ओमानच्या उन्हात दिवसभर पाणी न पिणे म्हणजे लघवीच्या जंतुसंसर्गाला आमंत्रण. मग काही दिवसांनी त्या बाई म्हणतात, “आता मला कार्यक्रमाला यायला जमत नाही गं.” आपण समजतो, वय झाले. वय तर झालेच, पण खरी अडचण ती दोन पायऱ्यांची असते.

आता मुख्य विषयाकडे येते. इमारत अपंगांना आणि वृद्धांना वापरण्यासारखी आहे की नाही, हे तपासून तसा दाखला देण्याची पद्धत जगात सुरू झालेली आहे. आमच्या वेळी ‘अपंग’ म्हणत, आता सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २०२२ साली दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभागच काढला. शब्द बदलला हे चांगलेच झाले, पण पायरी तीच राहिली तर शब्दाने ती उतरता येत नाही.

चाकाच्या खुर्चीचे जे निळेपांढरे चिन्ह आपण विमानतळावर पाहतो, ते १९६८ साली सुझान कोफोड नावाच्या डेन्मार्कच्या एका विद्यार्थिनीने काढले. तिच्या मूळ चित्रात नुसती खुर्ची होती. तिच्यात माणूस दिसावा म्हणून वर डोक्याचा गोल नंतर जोडण्यात आला. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. आजही कितीतरी इमारतींत खुर्चीची सोय केलेली असते आणि माणसाचा विचार राहून जातो. रॅम्प असतो, पण रॅम्पच्या वरच्या टोकाला काचेचे जड दार असते आणि ते ओढून धरायला कोणी नसते.

आपल्या भारतात यासाठी पहिला मोठा कायदा १९९५ साली झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्यात इमारतींविषयी कलमे होती, पण सोबत एक वाक्य होते, की हे सर्व आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करावे. ज्याला करायचे नाही त्याची कुवत नेहमीच कमी पडते, हे आपण संसारी माणसे जाणतो. नंतर ३ डिसेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारने सुगम्य भारत अभियान सुरू केले. त्यात मोठ्या शहरांतील सरकारी इमारतींची तपासणी करून कुठे काय कमी आहे याचे अहवाल तयार करण्यात आले. पुढे २०१६ चा नवा कायदा झाला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पूर्वीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते नव्या कायद्यात एकवीस झाले.

या कायद्याचे ४४ वे कलम आपण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. इमारतीचा नकाशा सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे नसेल तर बांधकामाची परवानगी द्यायची नाही, आणि बांधून झाल्यावर ती नियमांप्रमाणे नसेल तर पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही व तिचा वापर करू द्यायचा नाही, असे ते कलम सांगते. मुंबईत, ठाण्यात ज्यांनी फ्लॅट घेतले आहेत त्यांना भोगवटा प्रमाणपत्राची किंमत सांगायला नको. ओसी नसेल तर बिल्डर कसा हवालदिल होतो, हे आपण पाहिले आहे. त्या ओसीलाच ही अट जोडली आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी ४५ व्या कलमात पाच वर्षांची मुदत घालून दिली होती. नियम मोडणाऱ्याला पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुन्हा मोडल्यास पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड ठेवला आहे.

मग अडले कुठे? राजीव रतुरी नावाच्या एका दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने जो निकाल दिला, त्यात हे नेमके सांगितले आहे. कायदा म्हणतो की नियम पाळलेच पाहिजेत. पण कायद्याखाली केलेल्या २०१७ च्या नियमावलीतील १५ व्या नियमाने बोट दाखविले ते मार्गदर्शक सूचनांकडे, आणि त्या सूचनांची भाषा होती सल्ल्याची. डॉक्टरांनी औषध लिहून द्यावे आणि खाली ‘वाटल्यास घ्यावे’ असे लिहावे, तसा हा प्रकार. न्यायालयाने तो नियम कायद्याच्या विरुद्ध ठरविला आणि कोणत्याही परिस्थितीत सोडता येणार नाहीत असे सक्तीचे नियम तीन महिन्यांत वेगळे काढण्याचा आदेश केंद्राला दिला. यातून आपण घ्यायचे ते एवढेच, की दाखला कशाच्या आधारावर दिला ते आधी विचारावे. सल्ल्याच्या आधारावर दिलेला दाखलाही सल्ल्याइतकाच पातळ असतो.

आपण ज्या देशात राहतो त्या ओमाननेही २००८ साली शाही फर्मान क्रमांक ६३ काढून अपंगांच्या देखभालीचा व पुनर्वसनाचा कायदा केला, आणि २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. भारताने ती २००७ साली दिली होती, इस्राएलने २०१२ साली दिली. या कराराचे ९ वे कलम इमारती, रस्ते, वाहने आणि माहिती सर्वांना पोहोचण्याजोगी असावी असे म्हणते.

इस्राएलचे उदाहरण मुद्दाम देते, कारण या मजकुराच्या पुष्कळ वाचकांची मुलेबाळे लोद, रामले, अश्दोद, दिमोना, बेर शेबा या गावांत आहेत. तिथे समान हक्कांचा कायदा १९९८ साली झाला आणि २००५ साली त्यात सुगम्यतेचे मोठे प्रकरण घालण्यात आले. सुगम्यतेला तिथे ‘नेगिशूत’ म्हणतात, हा शब्द तिकडच्या मंडळींनी पाट्यांवर वाचलेला असेल. तिथे तपासणीसाठी सरकारदरबारी नोंद झालेले तज्ज्ञ असतात. एक इमारत, रस्ते व परिसर पाहणारा, आणि दुसरा सेवा पाहणारा. ही दुसरी जात मला विशेष आवडली. कारण दार रुंद असले, पण काउंटरवरचा माणूस बहिऱ्या म्हाताऱ्याशी काचेमागून पुटपुटत असेल, तर ती इमारत सुगम्य म्हणता येईल काय?

कॅनडात आणखी वेगळी पद्धत आहे. रिक हॅन्सन या व्हीलचेअर वापरणाऱ्या खेळाडूने १९८५ ते १९८७ या काळात खुर्चीवरून ३४ देशांत ४०,००० किलोमीटरहून अधिक प्रवास केला होता. त्याच्या नावाच्या संस्थेने २०१७ साली इमारतींना गुण देण्याची योजना काढली. शाळेच्या परीक्षेप्रमाणे ६० टक्क्यांना प्रमाणपत्र आणि ८० टक्क्यांना सुवर्ण दर्जा. यात एक फायदा असा, की नापास झाला म्हणून कोणी पळ काढत नाही. कुठे गुण गेले ते कळते आणि पुढच्या वर्षी सुधारता येते.

आता हे तपासतात कसे, ते थोडक्यात सांगते. आपल्याला घरच्या घरी करता येईल असेच सांगते.

रॅम्पचा उतार एकास बारा असावा. म्हणजे एक इंच चढण्यासाठी बारा इंच लांबी. दाराशी सहा इंची तीन पायऱ्या असतील, तर उंची झाली अठरा इंच आणि रॅम्प हवा अठरा फूट. पुष्कळ ठिकाणी पायऱ्यांवर सहा फुटांची फळी नाहीतर सिमेंटची घसरगुंडी करतात आणि रॅम्प झाला म्हणतात. त्यावरून व्हीलचेअर ढकलणारा वॉर्डबॉयसुद्धा धापा टाकतो, आणि उतरताना खुर्ची हातची सुटते. असा रॅम्प नसलेला बरा. लांब रॅम्पला मध्ये विसाव्यासाठी सपाट जागा हवी, दोन्ही बाजूंना दोन उंचींवर कठडे हवेत.

दाराची मोकळी रुंदी तीन फुटांच्या आसपास, म्हणजे ९०० मिलिमीटर असावी. ती दार उघडून, चौकटीच्या आतून मोजावी. खुर्ची वळविण्यासाठी पाच फुटांचे वर्तुळ मोकळे लागते. संडासाचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत माणूस पडला आणि दार आत उघडणारे असले, तर तो दारालाच अडसर होतो आणि बाहेरून मदत करता येत नाही. हे मी सांगोवांगीचे सांगत नाही, नोकरीत अशी दारे बिजागऱ्यांतून काढावी लागलेली पाहिली आहेत. कमोडशेजारी खुर्ची लावण्याइतकी जागा हवी, आणि धरायचा दांडा भिंतीत पक्का रोवलेला हवा. टॉवेल टांगायच्या दांडीवर माणसाचे वजन पेलत नाही.

पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी असावी. मोतीबिंदू असलेल्या माणसाला एकरंगी संगमरवरी जिन्यात शेवटची पायरी दिसत नाही, आणि पडणे बहुधा तिथेच होते. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांनाही पायरीची कड कळत नाही. लिफ्टच्या बटणांवर ब्रेल अक्षरे असावीत, मजला बोलून सांगण्याची सोय असावी. आणि आग लागली तर लिफ्ट बंद असते, तेव्हा खुर्चीवरच्या माणसाने कुठे थांबायचे आणि त्याला कोण नेणार, हे आधी ठरलेले असावे.

आपल्या दार्सैतला आणखी दोन गोष्टी लागू आहेत. एक म्हणजे ऊन. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उघड्यावरचा लोखंडी कठडा हाताला चटका देतो. ज्याला कठड्याशिवाय चालताच येत नाही त्याने काय करावे? म्हणून कठड्याला सावली हवी, किंवा त्यावर न तापणारे वेष्टन हवे. गाडीतून उतरण्याची जागाही सावलीत आणि दाराशेजारी हवी. दुसरी गोष्ट म्हणजे चढउतार. इथे कितीतरी इमारती डोंगराच्या कडेला आहेत. इमारतीत लिफ्ट असते, पण लिफ्टपाशी पोहोचायला चारपाच पायऱ्या चढाव्या लागतात. मालकाला विचारले की तो म्हणतो, लिफ्ट आहे ना! लिफ्ट आहे हे खरे, पण ती आमच्यासाठी पाचव्या पायरीवर सुरू होते.

म्हणूनच मी म्हणते, की तपासणी साखळीची करावी, एकेका कडीची नव्हे. रस्त्यावरून गाडीतून उतरणे, दाराशी येणे, आत येणे, बसायची जागा, ऐकू येणे, वाचता येणे, संडास, आणि संकटात बाहेर पडणे. यातली एक कडी तुटली की माणूस तिथेच थांबतो. नऊ कड्या चांगल्या आहेत म्हणून दहावी माफ होत नाही.

दाखल्याविषयी माझे स्वतःचे मत तीन वाक्यांत सांगते. पहिले, तपासणाऱ्यांत चाकाच्या खुर्चीवरचा एक, दृष्टी अधू असलेला एक आणि काठी घेऊन चालणारा एक असावा. कागदावर उतार बरोबर असतो, चाकाखाली तो बरोबर आहे की नाही ते त्यांनाच कळते. दुसरे, दाखल्यावर नुसते ‘सुगम्य’ लिहू नये, कोणाला काय करता येईल ते लिहावे. तिसरे, दाखल्याला मुदत असावी. आम्ही वॉर्डात तापाचा तक्ता रोज भरतो, दाखल झाल्या दिवशीचा ताप पाहून महिनाभर औषध देत नाही. इमारतीचेही तसेच आहे. उद्घाटनाच्या दिवशी संडास मोकळा असतो, सहा महिन्यांनी तिथे झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या असतात आणि किल्ली वॉचमनकडे असते. रॅम्पवर स्कूटर लावलेल्या असतात. दाखला मात्र भिंतीवर काचेत बसवलेला असतो.

मग आपण काय करावे? मोजपट्टी घ्या आणि ज्या सभागृहात, देवळात, शाळेत आपण जातो तिथे मोजून पाहा. व्यवस्थापकाशी भांडू नका, मोजलेले आकडे त्यांना लिहून द्या. ‘गैरसोय होते’ असे लिहिले तर कागद फाइलला लागतो. ‘दार २६ इंच आहे, ३६ इंच हवे’ असे लिहिले तर सुताराला बोलवावे लागते. भारतात गेल्यावर सार्वजनिक इमारतींविषयी फोटो काढून तक्रार करता यावी म्हणून २०२१ साली ‘सुगम्य भारत’ नावाचे अ‍ॅप निघाले. नातवंडांकडून ते शिकून घ्या. नातवंडांनाही बरे वाटते.

आणि एक लक्षात ठेवा. समितीचे लोक नेहमी म्हणतात, “आमच्याकडे चाकाच्या खुर्चीवाले कोणी येतच नाही, मग खर्च कशाला?” अहो, येता येत नाही म्हणून ते येत नाहीत. पूल नसलेल्या नदीवर, पलीकडून कोणी येत नाही म्हणून पुलाची गरज नाही, असे म्हणण्यासारखे ते आहे.



स्मरणिकेसाठी जोड

भाषण वरच्याप्रमाणे झाले. स्मरणिकेच्या वाचकांसाठी चार गोष्टी अधिक लिहिते, कारण आपल्या सिनेगॉगांचा प्रश्न थोडा निराळा आहे.

सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत आपले पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधले. त्यानंतर शहरात आणि कोकणपट्टीत जी बांधली गेली, ती त्या काळच्या रीतीप्रमाणे. जोते उंच, तेबाला पायऱ्या, आणि अनेक ठिकाणी बायकांची गॅलरी वर. तेव्हा समाज तरुण होता. आज इथे राहिलेल्यांत आणि परदेशातून सणाला येणाऱ्यांत वृद्ध अधिक आहेत. ज्या गॅलरीत आपल्या आईने आपल्याला मांडीवर घेऊन प्रार्थना ऐकवली, तिथे आज आपल्यापैकी कितीजणी चढू शकतात? किप्पुरच्या दिवशी उपासाने अंग गळालेले असताना तो जिना आणखी उंच होतो.

वास्तू जुन्या आहेत, त्यांना धक्का लावू नये, हे मलाही मान्य आहे. पण भिंत न फोडता पुष्कळ करता येते. हलविता येणारा लाकडी रॅम्प करता येतो, मात्र तो एकास बाराचाच हवा. जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा बसविता येतो. पायऱ्यांच्या कडांना पट्टी रंगविता येते. तळमजल्यावर एक कमोड, धरायच्या दांड्यासह बसविता येतो. मोठ्या अक्षरांत मराठी प्रार्थना छापून ठेवता येतात. ज्यांना वर चढवत नाही त्या भगिनींसाठी खाली मर्यादा पाळून वेगळी जागा कशी करावी, आणि ज्यांना तेबाच्या पायऱ्या चढवत नाहीत अशा वडीलधाऱ्यांना सेफेरचा मान कसा द्यावा, हे हाझान आणि विश्वस्त मंडळींनी बसून ठरवावे. त्यात मी बोलणे बरे नव्हे.

एवढेच लिहिते, की नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधावा, कोणी पडून त्याचे रक्त घरावर येऊ नये, ही आज्ञा आपल्या तोरात आहे. इमारतीच्या सुरक्षिततेची अट आपल्याला कोणत्याही महानगरपालिकेच्या आधी मिळालेली आहे. वर्धापनदिनानिमित्त देणग्या येतात, संगमरवरी पाट्या बसतात. यंदा ज्यांना देणगी द्यावयाची असेल त्यांनी एक कठडा, एक रॅम्प, एक संडास यांसाठी द्यावी, आणि त्याची देखभाल दरवर्षी कोण पाहील त्याचे नाव समितीकडून लिहून घ्यावे. परदेशातून पुढच्या सणाला येणारी आपली माणसे दाराशी येतील, तेव्हा त्यांना उचलून आत न्यावे लागू नये. त्यांनी स्वतःच्या पायांनी किंवा स्वतःच्या चाकांनी आत यावे, आणि मेझुझाला हात लावून आपल्या जागेवर जाऊन बसावे.

सर्वांना माझा शालोम.